शिवलेलं शेवटचं प्रकरण

वाचनालयाच्या दारातच तो उभा होता, आणि बकुळाला हवं असलेलं पुस्तक नेमकं त्याच्या हातात होतं. एवढ्यावरच राग यायला हरकत नव्हती, कारण त्या पुस्तकासाठी ती कित्येक दिवस नायगावच्या या वाचनालयाचे उंबरठे झिजवत होती. पण तिचा खरा तिळपापड झाला तो दुसऱ्याच गोष्टीनं. हा सावळा, रुंद खांद्यांचा गृहस्थ पहिलं पानसुद्धा न उलटता पुस्तकाचं शेवटचं पान वाचत होता.

‘‘अहो, ती रहस्यकथा आहे,’’ बकुळा म्हणाली.

‘‘म्हणून तर बघतोय,’’ तो मान वर न करता म्हणाला.

‘‘शेवट आधी वाचलात, मग उरलं काय?’’

त्यानं पान संपवलं, पुस्तक मिटलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. पाहिलं ते जरा जास्तच वेळ... ‘‘उरलं की अख्खं पुस्तक,’’ तो म्हणाला.

मग त्यानं कारण सांगितलं. घरी तो आईला पुस्तकं वाचून दाखवायचा. आई शिवडीहून मासळीची पाटी घेऊन दिवसभर हिंडायची आणि संध्याकाळी पाय पसरून गोष्ट ऐकायची. गोष्टीतल्या एखाद्या भल्या माणसाचा शेवटी जीव गेला, तर ती त्या दिवशी जेवायची नाही. त्यामुळे शेवट तपासल्याशिवाय तो पुस्तक घरात नेत नसे. आता असं कारण सांगणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पण बकुळा भांडली. परळच्या म्युनिसिपल शाळेत ती शिकवायची, आणि मुलांनी गणिताचं उत्तर मागच्या पानावरून आधी पाहिलं तर तिला जसा राग यायचा, तसाच तो आत्ताही आला. शेवट चोरून वाचणं हा गुन्हा आहे, असं तिनं त्याला ठणकावून सांगितलं, आणि ते आत जमलेल्या वाचक मंडळाला स्पष्ट ऐकू गेलं.

वाचक मंडळाचे ते दिवस काही बरे चालले नव्हते. द्वैभाषिक मुंबई राज्य अजून मोडलं नव्हतं. मुंबईसह महाराष्ट्रासाठी मोर्चा निघाला की गिरणगावातल्या चाळीच्या चाळी रस्त्यावर उतरायच्या, पण त्याच विषयावर रविवारी सकाळी चर्चा ठेवली तर जेमतेम सहा माणसं यायची आणि त्यांतली दोन पेंगायची. मंडळाचे अध्यक्ष सीताराम मास्तर हाडाचे चळवळे. सीमाभागावर ते तास न् तास बोलू शकत आणि बोलतही. तरीही त्या रविवारी त्यांनी मन मोठं करून जाहीर केलं की पुढची चर्चा एका रहस्यकथेवर होईल. खोलीत एकदम जीव आला. कोणतं पुस्तक, यावर जो तो आपापल्या आवडीचं नाव ओरडू लागला, आणि उत्साहाच्या भरात नावापाठोपाठ खुनी कोण तेही सांगू लागला. तासाभरात चांगली चांगली आठ-दहा पुस्तकं अशी कामातून गेली.

‘‘थांबा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मघाशी दारात ते दोघं भांडत होते ना, त्यांनाच नेमू या. ती बकुळा आणि हा नवा मुलगा... नाव काय म्हणालास?’’

‘‘रघुवीर,’’ तो म्हणाला. गोदीत तो कारकून होता.

अशी दोघांची निवड समिती झाली. नियम मास्तरांनी घालून दिला. दोघांनी एकच पुस्तक शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचायचं आणि रविवारी खुनी कोण ते सांगायचं. दोघांपैकी एकानं जरी बरोबर ओळखलं तरी पुस्तक नापास. ज्या पुस्तकानं दोघांनाही फसवलं, तेच चर्चेला घ्यायचं. पण शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा बकुळाचा मुद्दा होता. तोडगा काढला ग्रंथपाल शामरावांनी. त्यांनी टेबलाच्या खणातून दाभण आणि पांढरा दोरा काढला, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण कडेनं टाके घालून शिवून टाकलं, आणि वर गाठ मारून पुस्तक रघुवीरच्या हाती दिलं. रविवारी चर्चेच्या आधी आतल्या खोलीत त्यांच्या टेबलाशी दोघांनी नावं सांगायची, शामरावांनी टाके कापून एकट्यानं शेवट वाचायचा आणि बाहेर जाऊन फक्त पास की नापास एवढंच सांगायचं, असं ठरलं.

पुस्तक आधी रघुवीरकडे असायचं. गुरुवारी संध्याकाळी तो गोदीतून ट्रामनं दादर टी. टी.ला उतरायचा आणि शाळा सुटून आलेल्या बकुळाला ते द्यायचा. द्यायला कितीसा वेळ लागतो? पण पहिल्याच गुरुवारी बोलत बोलत दोघं फाइव्ह गार्डनपर्यंत गेले, आणि तिथून नायगाव जवळच म्हणून पुढेही.

‘‘तुमचा संशय कोणावर?’’ बकुळानं विचारलं.

‘‘सांगितलं तर समितीचा नियम मोडेल.’’

‘‘नुसतं बाई की पुरुष, तेवढं सांगा.’’

‘‘बाई,’’ रघुवीर गंभीरपणे म्हणाला. ‘‘शाळेत शिकवते. हातात छत्री असते. माणसाची झोप उडवण्याचा आरोप आहे तिच्यावर.’’

बकुळानं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि भलतीकडेच पाहत राहिली. घरी गेल्यावर आईनं, मीराबाईंनी, बरोबर कोण होता ते विचारलं. ‘समितीचं काम होतं,’ असं बकुळा म्हणाली. त्या दिवसांत समितीचं काम म्हटलं की गिरणगावात कुणी पुढे विचारत नसे. कोणती समिती, हे काही बकुळानं सांगितलं नाही.

पहिल्या पुस्तकातला खुनी बकुळानं सहज ओळखला. दुसऱ्यात ती साफ हुकली, पण रघुवीरनं बरोबर नाव सांगितलं. तिसऱ्यात पुन्हा बकुळा. दर रविवारी शामराव बाहेर जाऊन ‘नापास’ म्हणायचे आणि मंडळ हळहळायचं. आश्चर्य म्हणजे गर्दी वाढत चालली होती. आता कोणतं पुस्तक, या वेळी कोण ओळखणार, यावर चाळींच्या गॅलरीत पैजा लागू लागल्या. मंडळातल्या शांताबाई नर्स म्हणाल्या, तुम्ही दोघं इतके हुशार राहिलात तर आम्ही पुस्तक न वाचताच म्हातारे होऊ.

आणि गुरुवार... गुरुवारची तर बकुळा शुक्रवारपासूनच वाट पाहू लागायची. एकदा टी. टी.च्या गर्दीत तिच्या हातातला वह्यांचा गठ्ठा सुटला. रघुवीरनं रस्त्यावर उकिडवं बसून सगळ्या वह्या गोळा केल्या आणि सुतळीनं पुन्हा बांधल्या. त्याची बोटं इतकी भराभर चालली की तिला कळलंच नाही. ही जाळ्याची गाठ, तो म्हणाला, लहानपणी बापाबरोबर जाळी दुरुस्त करताना हाताला लागलेली, ओढली की आणखी घट्ट बसते. बकुळानं ती ओढून पाहिली. मग वह्या तपासायला त्या संध्याकाळी तिला सुतळी कापावी लागली.

चौथं पुस्तक मात्र जबरदस्त निघालं. खंडाळ्याच्या बंगल्यात एका वकिलाचा खून होतो. घरात त्याचा उधळ्या पुतण्या, हाकललेला माळी, दमेकरी डॉक्टर, आणि दिवसभर भजनं म्हणणारी विधवा बहीण. बकुळानं गुरुवारी वाचायला घेतलं ते शुक्रवारी शाळेच्या मधल्या सुट्टीतही सोडलं नाही. शनिवारी दुपारी शाळा लवकर सुटल्यावर ती टाक्यांपर्यंत पोहोचली. खुनी कोण, याचा तिला काडीचाही पत्ता नव्हता. इतक्या चतुर पुस्तकापुढे रघुवीरची तरी काय डाळ शिजणार? म्हणजे पुस्तक पास. पास म्हणजे समितीचं काम संपलं. मग गुरुवारही संपले आणि शामरावांच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसणंही संपलं. चाळीतल्या मुलीनं कोळीवाड्यातल्या मुलाबरोबर संध्याकाळी हिंडायला एक पुस्तकच काय ते निमित्त होतं, आणि उद्या तेही जाणार होतं.

तिला तो आवडत होता. इतका आवडत होता की आयुष्यात कधी मागचं पान उलटून उत्तर न पाहिलेल्या बकुळानं शिवणाच्या डब्यातलं ब्लेड काढलं. मीराबाई खाली दळण आणायला गेल्या होत्या. खोलीचं दार लोटून ती खिडकीशी बसली, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि ब्लेड गाठीला लावणार तोच तिचा हात थांबला. गाठ शामरावांची नव्हती. ती ओढून पाहिली तर आणखी घट्ट बसली. नीट पाहिलं तर टाक्यांच्या भोकांशेजारी भोकांची आणखी एक ओळ होती. पुस्तक आधीच उसवून पुन्हा शिवलं गेलं होतं, आणि शिवणाऱ्याची बोटं सवयीनं जाळ्याची गाठ मारून मोकळी झाली होती.

बकुळाला हसू आलं. गुन्हेगार सापडला होता, आता हेतू शोधायचा होता. एक तर हा आईसाठी शेवट तपासण्याच्या जुन्या सवयीनं झालेला प्रकार असेल. नाही तर... नाही तर तोही तिच्यासारखाच गुरुवारांसाठी धडपडत असेल. यांतलं खरं काय, ते उद्या कळणार होतं, कारण उद्या आधी बोलायची पाळी त्याची होती. खुनी त्याला आता ठाऊक होता. बरोबर नाव सांगून त्यानं हे सोन्यासारखं पुस्तक नापास केलं, तर ते केवळ तिच्यासाठी. त्यानं ठाऊक असून चुकीचं नाव सांगितलं, तर त्याला हे सगळं एकदाचं आवरायचं होतं.

पण उद्या त्याचं उत्तर पारखायचं तर तिलाही खरं नाव ठाऊक असायला हवं होतं. तिनं टाके उसवले. खुनी निघाली ती भजनं म्हणणारी बहीण, आणि बकुळाच्या अंगावर सरसरून काटा आला. नंतर तिनं त्याच भोकांतून दोरा ओवून पुस्तक शिवलं. जाळ्याची गाठ मात्र तिला काही केल्या जमेना, तेव्हा साधीच मारली.

रविवारी सकाळी नायगावातून घोषणा देत प्रभातफेरी गेली आणि तिच्यातली निम्मी माणसं तशीच वाचनालयात शिरली. बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. आत शामरावांनी टेबलावर पुस्तक आणि कात्री मांडली. रघुवीर आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि एकसारखा कॉलर सैल करत होता.

‘‘हं, बोल,’’ शामराव त्याला म्हणाले.

त्यानं एकदा बकुळाकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

‘‘पुतण्या,’’ तो म्हणाला.

बहीण आहे हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो पुतण्या म्हणाला. म्हणजे उसवलं ते आईसाठीच. गुरुवारचं त्याला काहीच नव्हतं, उलट ते संपायलाच हवे होते. आता पाळी बकुळाची होती. बहीण, एवढा एक शब्द तिनं उच्चारला असता तर पुस्तक नापास झालं असतं आणि पुढचा गुरुवार वाचला असता. शब्द जिभेवर आलाही होता. पण ज्याला नको आहे, त्याच्या गळ्यात मारून मुटकून गुरुवार कशाला बांधायचे? आपल्या बापाची, रामजींची, मुलगी कुणाच्या मागे लागणारी नव्हती.

‘‘माळी,’’ ती म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

शामरावांनी कात्री उचलली आणि गाठीवर आणली. तिथे ती जरा थबकली. चष्म्यावरून त्यांनी आधी रघुवीरकडे आणि मग बकुळाकडे पाहिलं. गाठ रघुवीरनंही पाहिली. ती आपली नाही हे त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. शामरावांनी टाके कापले, ओठ हलवत शेवटचं प्रकरण सावकाश वाचलं आणि पुस्तक मिटलं.

‘‘दोघंही हुकलात. पुस्तक पास,’’ ते म्हणाले. दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. ‘‘शिलाई मात्र माझी नव्हे.’’

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांचा आवाज, शांताबाईंचं हसणं, पुस्तक आधी कुणी न्यायचं यावरून सुरू झालेली झोंबाझोंबी... आत दोघंच उरले.

‘‘गाठ माझी नव्हती,’’ रघुवीर म्हणाला.

‘‘तुमची मला जमली नाही.’’

‘‘म्हणजे बहीण आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.’’

‘‘तुम्हालाही होतं.’’

‘‘मग माळी का म्हणालात?’’

‘‘आधी पुतण्याचं सांगा,’’ बकुळा म्हणाली. ‘‘पाळी तुमची पहिली होती.’’

त्यानं टेबलावरचा कापलेला दोरा उचलला, बोटाभोवती गुंडाळला आणि सांगायला लागला. दुसरं पुस्तकही त्यानं उसवलं होतं. दुसऱ्या गुरुवारनंतर तिसरा यायलाच हवा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. हे चौथं त्यानं आईला वाचून दाखवलं, आणि इतकं छान पुस्तक तू नापास का करणार, असं तिनं विचारलं. आईपुढे, सोनूबाईंपुढे, खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

‘‘मग? काय म्हणाल्या?’’

‘‘म्हणाली, मंग त्या पोरीला सरळ इचार ना रं, पुस्तकांच्या जिवावर कशाला उठलास.’’ रघुवीरनं तिच्याकडे पाहिलं. ‘‘म्हणून पुतण्या म्हणालो. मला आणखी एक पुस्तक नकोय, बाई. मला... तुम्ही हव्यात. पुस्तक असो, नसो. ते संपलं की विचारायचं, असं ठरवून आलो होतो. आणि तुम्ही ठाऊक असून माळी म्हणालात. वाटलं, सुटलात एकदाच्या माझ्यातून.’’

‘‘मला वाटलं, तुम्ही सुटलात.’’

‘‘म्हणजे...’’

‘‘म्हणजे काय, म्हणजे,’’ बकुळा म्हणाली. ‘‘तुमच्यासाठी मी चोरी केली. शाळेतल्या मुलांना आता कोणत्या तोंडानं रागावू? तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवशी दारात भांडत होते ना, तेव्हापासूनच बहुतेक.’’

त्यानं टेबलावरून हात पुढे केला. तिनं तो धरला. दार सताड उघडं होतं आणि कुणीही आत येऊ शकलं असतं, पण तिनं तो सोडला नाही. आनंद इतका झाला होता की तिला बसवत नव्हतं. सरळ विचारायचंच आहे ना, मग ते माझ्या घरी येऊन विचारा, ती म्हणाली, आज रविवार आहे, बाबांना गिरणीला सुट्टी आहे.

‘‘आत्ता?’’ रघुवीरनं विचारलं.

‘‘आत्ताच. उद्यावर टाकलं तर मला निमित्त शोधावं लागेल.’’

भर सकाळी, उन्हात, बी.डी.डी. चाळींमधल्या मैदानातून ती त्याला घेऊन निघाली. मुलांचं क्रिकेट थांबलं. गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांआडून डोकी बाहेर आली. बकुळानं ना चाल वाढवली, ना अंतर ठेवलं. रघुवीर मात्र कॉलर सैल करत करत जिने चढला.

रामजी आत खिडकीशी पेपर वाचत बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला सकाळीच ताजी फुलं वाहिली होती. बकुळानं कोणतीही प्रस्तावना न करता सांगितलं की हा रघुवीर, आणि याला तुम्हाला काही विचारायचंय. रघुवीर दारातच टेकला. रामजींनी पेपर खाली केला. नाव विचारलं, काम विचारलं, राहणं विचारलं. शिवडी कोळीवाडा म्हटल्यावर त्यांनी एकदा बकुळाकडे पाहिलं. मीराबाईंनी पितळी पेला भरून पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

या घरात बरीच मोठी माणसं येऊन गेली होती. मतं मागणारे आले, सभेला बोलावणारे आले, समतेवर सुंदर बोलले. पेला मात्र भरलेला तसाच राहायचा. आत्ताच घेतलं, तहान नाही, असं म्हणून माणसं उठायची. रामजी कधी कुणाला काही बोलले नाहीत. माणूस गेल्यावर ते पेल्याकडे बघायचे आणि पाणी गॅलरीतल्या कुंडीत ओतायचे. आत्ताही ते पेल्याकडेच बघत होते. हे रघुवीरला सांगायचं बकुळाला सुचलं नव्हतं, आणि आता सांगता येणार नव्हतं.

भीतीनं रघुवीरच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं पेला उचलला तो तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. मनगटानं ओठ पुसले आणि पेला मीराबाईंकडे धरला.

‘‘आई, आणखी मिळेल?’’

रामजींनी पेपरची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

‘‘चहा टाक,’’ ते मीराबाईंना म्हणाले. मग रघुवीरकडे वळून त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. ‘‘आणि तू तिथं दारात काय बसलास? आत सरक.’’